लेट्युस न वापरता पोटभरीचं सॅलड: प्रमाण, पाणी सुटणं आणि डब्यात टिकवणं

चाकवत

आठवड्यातून तीन-चार दुपारी पोळी-भाजीऐवजी सॅलडच जेवण म्हणून करायचं आहे, दोन माणसांसाठी. लेट्युस नको. आमच्या मंडईत ते रोज येत नाही, आलेलं दुसऱ्या दिवशी मलूल पडतं आणि भावही परवडत नाही. काकडी, गाजर, कोबी, मुळा, बीट, सिमला मिरची, कडधान्यं हे सगळं मात्र बारा महिने मिळतं.

नेमके प्रश्न असे:
१. एका माणसाचं पोट चार-पाच तास भरलेलं राहावं यासाठी कडधान्य, भाज्या, दाण्याचं कूट यांचं प्रमाण किती?
२. सकाळी साडेआठला डबा भरला की एक वाजेपर्यंत तळाशी पाणी साचतं आणि सगळं गिळगिळीत होतं. ते कसं टाळायचं? ऑफिसात फ्रिज नाही.
३. मोड कच्चे घालावेत की वाफवून?
मेयोनेज किंवा बाटलीतली सॉस घालायची नाहीत. अंडं, पनीर चालेल.

खलबत्ता

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, तिथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

लेट्युसमध्ये साधारण ९५ टक्के पाणी असतं, १०० ग्रॅममधून जेमतेम १५ कॅलरी मिळतात. ते वगळल्याने काहीच बिघडत नाही. पण त्याच्या जागी नुसती काकडी-टोमॅटो वाढवलीत तर पुन्हा पाणीच वाढलं. आपली कोशिंबीर पानात डावीकडे वाढायची चीज आहे, पोट भरायचं काम तिच्यावर कधी नव्हतंच. तिचं जेवण करायचं असेल तर मुख्य जागा कडधान्याला द्या आणि भाज्या त्याच्याभोवती रचा.

एका माणसाचं माप: कोरडं कडधान्य ६० ग्रॅम. आमटीच्या वाटीने साधारण अर्धी वाटी, भिजून शिजली की सव्वा वाटी होते. भाज्या २०० ग्रॅम. जाडसर दाण्याचं कूट दोन मोठे चमचे, म्हणजे १५ ग्रॅमच्या आसपास. तेल एक छोटा चमचा. घट्ट दही अर्धी वाटी. शिवाय शिजवलेली ज्वारी किंवा गहू अर्धी वाटी. भाकरी घेणार असाल तर हे धान्य वगळा. यातून २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि ५०० ते ५५० कॅलरी मिळतात, हे एका वेळचं जेवण झालं. कडधान्य निम्मं केलंत तर चार वाजता बिस्किटाच्या डब्याकडे हात जाणारच.

आता हरभऱ्याचं, कारण सुरुवात करायला तेच सगळ्यात सोपं. दोघांसाठी १२० ग्रॅम, काबुली किंवा गावरान. आठ ते दहा तास भिजवा, ते पाणी ओतून द्या. कुकरमध्ये हरभऱ्यांच्या वर दोन बोटं पाणी, अर्धा चमचा मीठ. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, मग आच बारीक करून काबुलीला १५ ते २० मिनिटं, गावरानला २५. वाफ आपोआप जाऊ द्या. दाणा दोन बोटांत दाबल्यावर आतून पिठूळ फुटावा पण साल निघून येऊ नये, ही खूण. साल सुटायला लागलं की तो छोल्यांना चांगला, सॅलडला नाही.

कुकरमध्ये टोमॅटो, चिंच, लिंबू घालू नका, आंबटाने साल कडक राहतं. खायचा सोडाही नको. त्याने दाणा लवकर मऊ होतो खरा, पण बुळबुळीत होतो आणि बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं.

शिजल्यावर चाळणीत निथळा (पाणी आमटीला वापरा) आणि गरम असतानाच अर्ध्या लिंबाचा रस, पाव चमचा मीठ, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड चोळा. गरम दाणा चव आत ओढून घेतो. गार झाल्यावर घातलेलं मीठ-लिंबू वरच राहतं आणि मग माणूस चव येईना म्हणून मीठ वाढवत बसतो. घरी केलेलं सॅलड सपक लागतं त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं. मग पसरट ताटात पूर्ण गार करा.

वरून फोडणी: दोन चमचे तेल, अर्धा चमचा मोहरी, ती तडतडली की हिंग, एक हिरवी मिरची, सहा-सात कढीपत्त्याची पानं. ही फोडणी हरभऱ्यावर ओता, भाज्यांवर नाही, नाहीतर भाज्या जागच्या जागी मऊ पडतात. तेल अजिबात काढून टाकू नका. गाजरातलं बीटा-कॅरोटीन अंगी लागायला थोडा स्निग्धांश लागतोच. लिंबाचंही तसंच आहे, कडधान्यातलं लोह शोषलं जायला त्यातल्या क जीवनसत्त्वाची मदत होते. त्यावर लगेच चहा मात्र घेऊ नये, तासभर जाऊ द्यावा.

भाज्या हरभऱ्याच्या दाण्याएवढ्याच कापा. गाजराच्या लांब काड्या नि कोबीच्या लांब शेवया केल्या की दाणे तळाशी घरंगळतात, वर नुसता पाला आणि खाली नुसते हरभरे. गाजर, सिमला मिरची, नवलकोल, आणि आंबट-गोडासाठी अर्धा कडक पेरू. पेरूच्या बिया असलेला गाभा काढून टाका.

तिखटमीठ

पाण्याबद्दल. मीठ लागलं की भाजीतून पाणी बाहेर येणारच. ते कधी सुटावं एवढंच आपल्या हातात असतं. एक तर आधीच मीठ लावून पाणी काढून टाकायचं, किंवा खाण्याच्या क्षणापर्यंत मीठ लावायचंच नाही. सकाळी मीठ लावून झाकण बंद करणं हा मधला मार्ग सगळ्यात वाईट, आणि तळाशी पाणी साचतं ते त्यानेच.

काकडी किसू नका, खमंग काकडीला चोचवतो तशी चोचवा. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरायची, वरच्या टोकावर सुरीने जवळजवळ उभे वार करायचे, काकडी थोडी थोडी फिरवत सगळीकडून, आणि मग आडवं कापत खाली यायचं. बारीक तुकडे पडतात, पण किसल्यावर होतो तसा लगदा होत नाही. अर्धा किलो काकडीला पाऊण चमचा मीठ लावून चाळणीत १५ मिनिटं ठेवा, मग मूठ मूठ घेऊन हलक्या हाताने पिळा. निघालेलं पाणी ताकात किंवा थालीपिठाच्या पिठात जाईल, मात्र तिथलं मीठ तेवढं कमी करा. आधी टोकाचा तुकडा चाखून बघा. जहाल कडू निघाली तर चीक काढत बसू नका, सरळ टाका. तो कडूपणा पोटाला बाधतो.

टोमॅटोच्या चार फोडी करून आतला गर आणि बिया आमटीत ढकला, सॅलडमध्ये फक्त बाहेरचा मांसल भाग घ्या. कोबी २५० ग्रॅम असेल तर विळीवर बारीक चिरून अर्धा चमचा मीठ लावा, मिनिटभर चांगला चुरडा, दहा मिनिटांनी पिळा. आकार जवळपास निम्मा होतो आणि कच्चट करकरीतपणा जातो, त्यामुळे जास्त खाल्ला जातो. कांदा पातळ चिरून गार पाण्यात दहा मिनिटं, मग कापडावर कोरडा करा. बंद डब्यात जो उग्र वास कोंडतो तो बराच कमी होतो.

आधी मीठ लावलेल्या भाज्या पिळून झाल्यावर वरून पुन्हा मीठ घालायची घाई नको. सगळं एकत्र करून चाखा, मगच.

डबा भरताना क्रम महत्त्वाचा. तळाशी लिंबू-फोडणी लावलेलं पूर्ण गार कडधान्य. त्यावर गाजर, कोबी, सिमला मिरची. सगळ्यात वर काकडी आणि कोथिंबीर. कोमट कडधान्यावर झाकण लावलं की वाफेचं पाणी होतं आणि दुपारपर्यंत आंबूस वास येतो. दाण्याचं कूट वेगळ्या पुडीत. सकाळीच घातलं तर ते पाणी पिऊन चिकट गोळा होतं. दही घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत न्या, तेही फडक्यात टांगून पाऊण तास निथळलेलं. साधं दही ओतलंत तर वरची सगळी मेहनत पाण्यात. ताजं दही एक वाजेपर्यंत आंबट होईल, खराब होणार नाही. फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात पनीर आणि उकडलेली अंडी डब्यात देऊ नका, त्या दोन्ही गोष्टी घरी जेवायच्या दिवशी ठेवा.

वाफाळ

मोडांचं. मूग आणि मटकी सॅलडला सगळ्यात चांगली. आठ तास भिजवा, पाणी पूर्ण निथळा, ओल्या सुती फडक्यात सैल पुरचुंडी बांधून चाळणीत ठेवा, खाली ताटली. उन्हाळ्यात आठ-दहा तासांत मोड येतात, थंडीत पूर्ण दिवसही लागतो. थंडीत पुरचुंडी बंद ओव्हनमध्ये, न पेटवता, उबेला ठेवा.

मोड चिकट होतात त्याची कारणं दोन. पाणी नीट न निथळणं आणि पुरचुंडी घट्ट आवळणं. आत हवा खेळली नाही की दाणे तापतात आणि बुळबुळतात. आंबूस वास आला किंवा हाताला तार लागली तर धुऊन वापरायचा प्रयत्न करू नका, टाकून द्या. मोड अर्धा-पाऊण सेंटीमीटरचे पुरेत. त्याहून लांब झाले की मटकी कडसर लागते.

वाफवायचं कसं: मोदकपात्रात पाणी आधी उकळू द्या, मग चाळणीत मोड पसरून मुगाला चार मिनिटं, मटकीला सहा. थर दोन बोटांपेक्षा जाड नको. आच बंद केल्या केल्या ताटात पसरा. तिथेच झाकून ठेवलेत तर आतल्या वाफेने शिजत राहतात आणि उसळीसारखे मऊ होतात. कुकर यासाठी नकोच.

राजमा, वाल, पावटा आणि सोयाबीन यांना मोड आणले तरी कच्चे किंवा नुसते वाफवून खाऊ नयेत. राजम्यातलं विषारी द्रव्य वाफेवर जात नाही, खळखळून उकळावंच लागतं. ही चार कडधान्यं पूर्ण शिजवूनच सॅलडमध्ये घ्या.

रानपाखरू

वाफवल्याने क जीवनसत्त्व जातं ना? मोड आणायचे ते त्याच्याचसाठी. आमच्याकडे मूग स्वच्छ धुऊन कच्चेच खातात.

वाफाळ

थोडं जातं, बरोबर. पण वरून लिंबू पिळताय, कोथिंबीर आहे, सिमला मिरची किंवा पेरू आहे. क जीवनसत्त्वाची कमतरता या ताटात पडत नाही.

धुण्याचं म्हणाल तर अडचण बाहेरच्या धुळीची नाही. साल्मोनेला, ई-कोलाय यांसारखे जंतू बीजाच्या सालीच्या भेगांत असू शकतात, आणि मोड आणायला जी ऊब आणि ओल आपण देतो ती त्यांनाही मानवते. रात्रभरात ते कैक पटींनी वाढतात. वरून कितीही पाणी घातलं तरी भेगांतले निघत नाहीत. धडधाकट माणूस बरेचदा निभावून नेतो, पण गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस किंवा आजारातून उठलेलं कोणी असेल तर कच्चे मोड देऊच नयेत. आणि साडेचार तास फ्रिजबाहेर राहणाऱ्या डब्यात तर कोणीच नेऊ नयेत. शिवाय वाफवलेले पोटाला हलके जातात. सव्वा वाटी कच्चे मोड खाल्ले तर अनेकांना दिवसभर गॅस होतो, जेवणाच्या प्रमाणात खायचे असल्याने हा मुद्दा छोटा नाही.

चाकवत

खूप उपयोगी माहिती, आभार. कडधान्य गरम असताना मीठ-लिंबू लावायचं हे माहीत नव्हतं.

अजून दोन गोष्टी. लेट्युस नको म्हटलं तरी थोडा हिरवा पाला असावा असं वाटतं. आपल्या पालेभाज्यांतल्या कच्च्या कोणत्या चालतात? आणि दही नको असेल त्या दिवशी सगळं एकत्र बांधून ठेवणारं, दाटसर असं काय घालावं?

पळीपंचपात्र

पाल्यासाठी दूर जायला नको, विदर्भ-मराठवाड्यातला घोळाणा करा. कोवळी मेथी, कांद्याची पात, लसणाची पात, मुळ्याचा कोवळा पाला, हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा शेंडा, यातलं जे असेल ते. दोन मुठी मेथी बारीक चिरायची, त्यात एक कांदा, दोन चमचे कच्चं शेंगदाणा तेल, अर्धा चमचा लाल तिखट, मीठ, दोन चमचे कूट. हाताने हलकं चोळायचं आणि लगेच खायचं. दहा मिनिटं ठेवलं तरी पाणी सुटतं, म्हणून डब्यात नेताना पाला चिरून कोरडा न्या, तेल-तिखट-मीठ जेवताना.

मेथी जून असेल तर कडू होते. फुलावर आलेली जुडी घेऊच नका. मुंबईकडे वाळूत वाढवलेली बारीक समुद्रमेथी मिळते, मुळासकट छोट्या जुड्या असतात. ती कच्ची खायला फारच छान, कडवटपणा जेमतेम. मुळं कापून बाकी सगळं घ्यायचं. आंबट चुक्याची चार-पाच पानं चिरून घातली तर लिंबू कमी लागतं.

पालक कच्चा चालतो, पण त्यात ऑक्झलेट भरपूर, मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी टाळावा. चाकवत, अंबाडी, माठ हे शिजवूनच (तुमच्या नावाचा अपमान नाही, ताकातली चाकवताची भाजी माझी आवडती).

धुताना पाला मोठ्या पातेल्यात बुडवायचा, हलवायचा आणि वर उचलून घ्यायचा. चाळणीत ओतलंत तर खाली बसलेली माती पुन्हा पाल्यावर येते. असं तीन पाण्यांतून, तिसऱ्या पाण्यात तळाशी माती दिसत असेल तर चौथ्यातून. मिठाच्या पाण्याने अळ्या सुटतात, जंतू मरत नाहीत. नंतर पंच्यात गुंडाळून पूर्ण कोरडा करा, ओल्या पाल्याला तेल धरत नाही. जून ते सप्टेंबर कच्चा पाला बंदच ठेवलेला बरा. शेतात चिखल असतो, पाणी गढूळ असतं, आणि धुऊनही खात्री देता येत नाही.

जोंधळा

दाटसरपणासाठी तिळाचं करून बघा. चार मोठे चमचे पांढरे तीळ मंद आचेवर भाजायचे, फुगून टपटप उडायला लागले की लगेच काढायचे. लाल झाले तर कडू. गार करून मिक्सरमध्ये एक लसूण पाकळी आणि मीठ घालून तेल सुटेपर्यंत वाटा. मग एका लिंबाचा रस. इथे मिश्रण एकदम घट्ट होऊन फाटल्यासारखं दिसेल, घाबरू नका. एकेक चमचा पाणी घालत फिरवत राहा, चार-पाच चमच्यांनंतर ते आपोआप गुळगुळीत आणि पांढरटसर होतं. पाणी एकदम ओतलंत तर गुठळ्या राहतात. हे दोघांना पुरतं. हरभऱ्याबरोबर फार छान लागतं, गाजर-बिटालाही चालतं. कोरडंच हवं असेल तर कारळ्याची किंवा जवसाची चटणी दोन चमचे, वर थोडं तेल. या चटण्यांत आधीच मीठ असतं, विसरू नका.

धान्याबद्दल वर फक्त ओझरता उल्लेख झाला. अख्खी ज्वारी सॅलडला तांदूळ किंवा पास्त्यापेक्षा चांगली, कारण दाणा दुसऱ्या दिवशीही टणक-चावरा राहतो, चिकटत नाही. एक वाटी ज्वारी रात्रभर भिजवा, सकाळी तिप्पट पाण्यात, थोडं मीठ घालून कुकरला लावा. एक शिट्टी, मग बारीक आचेवर २५ मिनिटं. दाणा फुटून आतलं पांढरं किंचित दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर पुन्हा दहा मिनिटं. निथळून गार पाण्याखाली एकदा धरा, म्हणजे वरचा पिठूळ चिकटपणा जातो. मग अर्धा चमचा तेल लावून ठेवा. फ्रिजमध्ये तीन दिवस राहते, म्हणून आठवड्यातून दोनदा केली की पुरते. खपली गहूही असाच, पण त्याला बारीक आचेवर ३० ते ३५ मिनिटं.

एक जमणारी जोडी लिहितो, दोघांसाठी: अडीच वाटी वाफवलेली मटकी, एक वाटी ज्वारी, दोन गाजरं, एक सिमला मिरची, पिळलेला कोबी वाटीभर, अर्ध्या डाळिंबाचे दाणे, मूठभर कोथिंबीर, वरचं तिळाचं वाटण. ज्वारी आणि वाटण आधी कालवा, मग मटकी, शेवटी भाज्या. उलट केलंत तर वाटण भाज्यांना चिकटतं आणि ज्वारी कोरडी राहते.

रानपाखरू

बीट घातलं की सगळंच लाल होतं, त्याला काही उपाय?

तिखटमीठ

उकडताना साल आणि देठाचा इंचभर भाग ठेवा, कापून उकडलं की रंग पाण्यात जातो. गार झाल्यावर सोलून फोडी करा आणि कापल्याबरोबर अर्धा चमचा तेल चोळा. तेलाच्या थरामुळे रंग कमी सुटतो. तरीही सगळ्यात शेवटी, ताटात वाढल्यावर वरून घाला. दह्याच्या सॅलडमध्ये गुलाबी होणारच, तिथे तो रंग छानच दिसतो.

खलबत्ता

चैत्र-वैशाखात कैरीची डाळ विसरू नका. हळदीकुंकवाला चमचाभर वाढतात, पण तिच्यात भाज्या घातल्या की ते जेवणच आहे. हरभऱ्याची डाळ १२० ग्रॅम चार तास भिजवा, पूर्ण निथळा, पाणी न घालता भरड वाटा. मिक्सरला पल्स देत तीन-चार वेळाच फिरवा, नाहीतर पेस्ट होते. पाऊण वाटी किसलेली कैरी, दोन किसलेली गाजरं, चोचवून पिळलेली एक काकडी, चवीला साखर, मीठ, वर हिंग-मोहरी-हळद-लाल मिरचीची फोडणी पूर्ण गार करून. कच्ची डाळ पचायला जड जाते. जेवणाच्या प्रमाणात खायची असेल तर भरड वाटलेली डाळ मोदकपात्रात आठ मिनिटं वाफवून, हाताने मोकळी करून, मगच कैरी घाला. कैरी जास्त आंबट असेल तर अर्धी वाटीच घ्या आणि किसल्यावर पिळू नका, वाफवलेली डाळ तो रस शोषून घेते.